निळाच का? सायनोटाइप करून घ्यायला येण्याआधी

आमच्याकडे येणारे बहुतेक जण मोबाइलवरचा एखादा फोटो पुढे करून विचारतात, ‘हा निळ्यात करून मिळेल का?’ मिळेल. पण कागदाला ब्रश लावण्याआधी आम्ही उलट विचारतो, निळाच का? उत्तर लगेच सुचलं नाही तरी काही बिघडत नाही. ते शोधण्यासाठीच पहिली भेट असते आणि तिचे पैसे आम्ही घेत नाही.

आधी सायनोटाइपची, म्हणजे उन्हाने कागदावर निळी चित्रं उमटवण्याची, पद्धत थोडक्यात सांगतो. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली ती शोधली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणं समप्रमाणात मिसळून मंद उजेडात कागदावर फिरवायची. कागद वाळला की त्यावर निगेटिव्ह (फोटोची उजेड-सावली उलटी केलेली पारदर्शक प्रत) किंवा वस्तू ठेवायची, काचेखाली दाबायची आणि ऊन दाखवायचं. जिथे ऊन लागतं तिथे लोहाचा निळा रंग धरतो, झाकलेल्या जागचं रसायन पाण्यात धुऊन जातं. इमारतींचे जुने ब्लूप्रिंट असेच निघत.

उन्हातला कागद पाहून नवखा माणूस घाबरतो. हिरवट-पिवळा कागद आधी निळसर होतो आणि मग करडा, मळकट पडतो. बिघडला असंच वाटतं. पण ट्रेमध्ये टाकला की पिवळं पाणी सुटतं, पांढरं उघडं पडतं आणि निळा हळूहळू वर येतो. पुढच्या दिवसभरात तो आणखी गडद होतो. म्हणून कागद पाण्यात सोडायचं काम आम्ही तुमच्याच हातात देतो.

आता कल्पनेकडे येऊ. ॲना ॲटकिन्स या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १८४३ पासून समुद्रशैवालांचं पुस्तक या पद्धतीने काढलं. छायाचित्रं असलेलं ते पहिलं पुस्तक मानलं जातं. त्यांनी कॅमेरा वापरलाच नाही. वाळवलेलं शैवाल थेट कागदावर ठेवलं, त्यामुळे प्रत्येक चित्र वस्तूएवढंच आहे, आणि ती वस्तू त्या कागदावर खरोखर येऊन गेली आहे. आमच्या मते सायनोटाइपचं खरं बळ यातच आहे. म्हणून आजीने विणलेल्या क्रोशाच्या रुमालाचा फोटो आणू नका, रुमालच आणा. कागद आणि रुमाल यांच्यामध्ये आम्ही पातळ पारदर्शक फिल्म घालतो, रसायन रुमालाला लागत नाही. मग एकेक टाका दिसतो, सुटलेला टाकासुद्धा. दोरा जिथे कागदाला घट्ट चिकटतो तिथे रेघ धारदार येते आणि जिथे जरा उचललेला असतो तिथे धूसर. ही धूसर कड मुद्दाम राखावी, असंच आम्ही सुचवतो.

चेहऱ्यांच्या बाबतीत जपून. हसऱ्या लग्नाच्या फोटोला निळा बऱ्याचदा मानवत नाही, चेहरे थंड वाटतात. त्यावर चहाच्या पाण्याचा उतारा आहे. त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे निळा काळपट होतो आणि पांढऱ्यावर तपकिरी झाक येते.

कधी सायनोटाइप सोडूनच द्यावा लागतो. पाडायला निघालेल्या वाड्याचा फोटो असेल तर आम्ही हळद सुचवू. स्पिरिटमध्ये कालवलेली हळद कागदावर लावली की ऊन तिचा रंग उडवतं. इथे निगेटिव्हऐवजी पॉझिटिव्ह, म्हणजे उजेड-सावली न उलटवलेली पारदर्शक प्रत, लागते आणि दिवसभराचं, कधी दोन-तीन दिवसांचं कडक ऊन. नंतर टाकणखाराचं पाणी फिरवलं की उरलेली हळद तांबूस होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तसंच. हा प्रिंट टिकत नाही, उजेडात फिका होत जातो. वाड्याचं चित्र असं विरत जाणं तुम्हाला पटत असेल तरच तो करा. पटत नसेल तर स्पष्ट सांगा, दुसरा मार्ग काढू.

सुती कापडावरही सायनोटाइप होतो. सुरुवातीला आमच्याकडून एका ताईंना दुपट्टा दिला, पण धुवायचं कसं ते सांगायचं राहिलं. त्यांनी कपड्याच्या पावडरीत भिजवला आणि निळा जाऊन पिवळट डाग उरले. चूक आमचीच होती, दुपट्टा नव्याने करून दिला. तेव्हापासून प्रत्येक कापडासोबत चिठ्ठी देतो: सोडा, पावडर, ब्लीच अजिबात नको, फक्त साधं पाणी. भिंतीवरचा प्रिंट थेट उन्हात लावू नका. फिका पडलाच तर काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवा, रंग बराचसा परततो.

ऑर्डर शक्यतो ऑक्टोबर ते मे दरम्यान द्या. एप्रिलच्या दुपारी जे काम पाच-सात मिनिटांत होतं, त्याला श्रावणातल्या ढगाळ दिवशी अर्धा-पाऊण तासही लागतो, आणि दमट हवेत कागद नीट वाळत नाही. त्या दिवसांत आम्ही अतिनील दिव्यांवर काम करतो, पण उन्हात केलेलाच हवा असेल तर थांबावं लागेल.

पहिल्या भेटीला फोटोची मूळ फाइल आणा, व्हॉट्सॲपवरून आलेली नको. प्रिंट निगेटिव्हएवढाच निघतो, म्हणून तो कुठे लावणार त्या जागेचं माप घेऊन या. आणि त्या माणसाची किंवा जागेची हातात धरता येईल अशी एक वस्तू आणा: पान, किल्ली, चष्मा, हाताने लिहिलेली चिठ्ठी, काहीही. बोलायला सुरुवात तिथूनच करू.