केमोनंतरच्या मुंग्या आणि अॅक्युपंक्चरच्या सुया

निपाणीत विडी वळणाऱ्या बाईची बोटं पाहावीत. कात्रीनं कापलेलं तेंदूचं पान, त्यात नेमकी चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, तोंड मुडपणं, वर दोऱ्याचा वेढा. नजर शेजारणीकडे, हात सुपात. बोटांच्या टोकांना स्पर्श कळतो म्हणून हे जमतं. स्तनाच्या कॅन्सरसाठी पॅक्लिटॅक्सेलची केमो घेतलेल्या अनेक जणींचा नेमका तो स्पर्शच बोथट होतो. ब्लाउजचं हुक लागत नाही, पान हातातून सुटतं. ‘चप्पल पायातनं कवा गेली कळलंच न्हाई,’ असं चिकोडी-निपाणीकडे ऐकायला मिळतं.

घरचे हे अशक्तपणावर ढकलतात, पण ही नसांची इजा असते. पायाच्या बोटापर्यंत संवेदना पोचवणाऱ्या पेशीचं मूळ मणक्याजवळ असतं आणि तिचा धागा सुमारे एक मीटर लांब. टोकाला लागणारा सगळा माल या धाग्यातल्या सूक्ष्मनलिकांवरून, रुळांवरून मालगाडी जावी तसा जातो. पॅक्लिटॅक्सेल या नलिका गोठवून कॅन्सरपेशींची वाढ रोखतं, पण त्यात नसांमधल्या नलिकाही सापडतात. धागा जितका लांब, तितका फटका आधी. म्हणून मुंग्या सहसा पायांच्या बोटांपासून सुरू होतात. सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन ही केमोचीच दुसरी औषधं मणक्याजवळच्या पेशींनाच इजा करतात. त्यामुळे केमो संपल्यावरही काही महिने बधिरपणा वाढू शकतो. ऑक्झॅलिप्लॅटिन घेणाऱ्याला तर गार पाणी लागताच झिणझिण्या येतात. खानापूरच्या पावसाळ्यात उघड्या मोरीवर भांडी घासणाऱ्या बाईला हे आधीच सांगायला हवं.

उपाय मोजकेच आहेत. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये सगळे अभ्यास तपासून वेदनेसाठी ड्युलॉक्सेटिन या एकाच औषधाची शिफारस केली, तीही माफक फायद्याची. दुकानातून ‘नसांची ताकद’ म्हणून आणलेल्या गोळ्यांबद्दल मात्र सावध राहा. त्यांतलं अॅसिटिल-एल-कार्निटिन केमोसोबत दिलं, तेव्हा स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांत बधिरपणा उलट वाढलेला दिसला.

अॅक्युपंक्चरकडे, म्हणजे अंगावर ठरावीक जागी बारीक सुया टोचण्याच्या चिनी उपचाराकडे, लोक वळतात ते यामुळे. ही विद्या आपल्याला तशी परकी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बसू यांनी ती पुढे कोलकात्यात आणली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात केमोमुळे नसा दुखावलेल्या ७५ जणांचे तीन गट केले: एकाला खऱ्या सुया, दुसऱ्याला सुयांचा नुसता आभास, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. आठ आठवड्यांनी वेदना आणि मुंग्या सर्वांत जास्त खऱ्या सुयांच्या गटात कमी झाल्या. आभासाच्या गटातही थोडा आराम पडला. म्हणजे काही फायदा सुईचा, काही जवळ बसून विचारपूस करणाऱ्या हातांचा असावा. अभ्यास लहान आहे, म्हणून मी याला इलाज म्हणणार नाही. पण ड्युलॉक्सेटिनची गोळी झेपत नसेल, तर डॉक्टरांना विचारून करून पाहण्याजोगा आधार नक्की म्हणेन. कॅन्सरतज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शनातही तो ‘देता येईल’ अशाच सौम्य शब्दांत आला आहे.

अट एवढीच की सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असावी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट खूप उतरल्या असतील तर थांबावं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सुई नको. जत्रेत तंबू ठोकून बसणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नये.

मात्र सुईच्या कितीतरी आधीची एक गोष्ट आपल्या हातात असते. पुढची केमो लावण्यापूर्वी डॉक्टरांना स्वतःहून सांगा: बटण लागत नाही, जिना उतरताना पायरी कळत नाही. मिरजेला किंवा बेळगावला पहाटेची एसटी धरून आलेली माणसं ‘केमो बंद करतील’ या भीतीनं गप्प राहतात. प्रत्यक्षात डॉक्टर डोस कमी करू शकतात, दोन केमोंमधलं अंतर वाढवू शकतात किंवा औषध बदलू शकतात. नस थोडी दुखावलेली असतानाच हे केलं तर ती सावरायला वाव राहतो. सोबत आलेल्या मुलानं किंवा सुनेनं तरी हे बोलावं, आणि डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर बोटं दाखवून सांगावं.