पगाराचं टीडीएस रिटर्न कागदावरून ऑनलाइन कसं गेलं, आणि रोजच्या 200 रुपयांचा वाद

पगारावर टीडीएस कापणं, म्हणजे मालकाने पगार देतानाच टॅक्स कापून सरकारला भरणं, जुनंच आहे. आधी वर्षातून एकदा त्याचं रिटर्न, म्हणजे फॉर्म 24, कागदावर भरून इन्कम टॅक्स ऑफिसात द्यायचा, पोचेचा शिक्का घ्यायचा, विषय संपला. फॉर्म 16, म्हणजे कापलेल्या टॅक्सचं कर्मचाऱ्याला द्यायचं सर्टिफिकेट, आपणच टाइप करून सही करून द्यायचो, आणि त्यातला आकडा खरंच सरकारजमा झालाय का हे बघायची सोय कर्मचाऱ्याकडे नव्हती.

2003 मध्ये ई-टीडीएस आलं, आधी कंपन्यांना सक्ती झाली. पण तेव्हाचं ई म्हणजे फ्लॉपी नाहीतर सीडी. टेक्स्ट फाइल बनवा, तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून पास करून घ्या, सोबत 27ए चा कागद सही करून न्या, त्यावरची टोटल फाइलशी जुळली नाही की काउंटरवरून परत. 2005-06 पासून 24क्यू हा तिमाही फॉर्म आला आणि वर्षाच्या एका खेपेच्या चार झाल्या. चलनावरचा बँक शाखेचा बीएसआर कोड 7 आकडी, त्यातला एक आकडा चुकला की चलन मॅच होत नाही, मग पैसे भरूनही कर्मचाऱ्याच्या 26एएस मध्ये, म्हणजे त्याच्या नावावर जमा टॅक्सच्या उताऱ्यात, काही दिसत नाही.

खरा त्रास 1 जुलै 2012 पासून सुरू झाला. इन्कम टॅक्स कायद्यात कलम 234ई आलं, रिटर्न उशिरा गेलं की रोजचे 200 रुपये, जास्तीत जास्त टीडीएसच्या रकमेएवढे. आता याला कायद्यात फी म्हटलंय, दंड नाही, आणि सगळा घोळ या एका शब्दात आहे. आधीचा दंड रोज 100 रुपये होता, पण तो लावायच्या आधी अधिकाऱ्याला तुमचं ऐकावं लागायचं आणि कारण पटलं तर तो सोडूही शकायचा. फी म्हटल्यावर ऐकायचा प्रश्नच उरला नाही, कॉम्प्युटर दिवस मोजतो आणि डिमांड, म्हणजे पैसे भरायची मागणी, काढतो. समजा छोट्या वर्कशॉपचा तिमाहीचा टीडीएस 4,500 आहे, तो वेळेत भरलाय, फक्त रिटर्न 40 दिवस लेट झालं, तर हिशोब 8,000 चा, मर्यादेमुळे 4,500, म्हणजे भरलेला सगळा टॅक्स पुन्हा एकदा भरायचा. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

त्यात 2014 च्या मार्चमध्ये सरकारी ऑफिसांना मागच्या तिमाह्यांसाठी मुदत वाढवून दिली, कारण त्यांना रिटर्नमध्ये लिहायचा नंबर ट्रेझरीकडून वेळेवर मिळत नव्हता. कारण खरंच होतं, पण खासगी माणसाच्या अडचणी काय खोट्या होत्या?

फेब्रुवारी 2015 च्या मुंबई हायकोर्टाच्या निकालाने 234ई वैध ठरवलं, उशिरामुळे खात्याचं काम वाढतं त्याची ही भरपाई आहे असं मानून. मग दुसराच मुद्दा निघाला. रिटर्न प्रोसेस करताना ही फी लावायचा अधिकार देणारी दुरुस्ती कलम 200ए मध्ये 1 जून 2015 पासून आली, मग त्याआधीच्या डिमांड कशाच्या आधारावर काढल्या? कर्नाटक हायकोर्टाचा 2016 चा निकाल म्हणाला काढता येणार नाहीत, गुजरात हायकोर्टाचा 2017 चा म्हणाला येतात, ती दुरुस्ती फक्त स्पष्टीकरणासाठी होती. मला पहिला निकाल जास्त सरळ वाटतो.

बाकी सुधारणाही झाल्या, तेही खरं. फॉर्म 16 चा भाग ए आता ट्रेसेस या खात्याच्या टीडीएस पोर्टलवरूनच डाउनलोड करावा लागतो, 2018-19 पासून भाग बी पण, त्यामुळे कापून न भरणारे मालक पकडले जायला लागले. 2016 मध्ये ऑनलाइन अपलोड आलं, सीडी घेऊन जायची गरज उरली नाही, आणि रिटर्नच्या तारखाही महिनाअखेरीच्या झाल्या, 31 जुलै, 31 ऑक्टोबर, 31 जानेवारी आणि 31 मे.

जुनी डिमांड पोर्टलवर दिसत असेल तर भरून टाकायच्या आधी ती कोणत्या तिमाहीची आहे आणि इंटिमेशनवर, म्हणजे रिटर्न प्रोसेस झाल्यावर आलेल्या सूचनेवर, तारीख काय आहे ते बघा, 1 जून 2015 च्या आधीचं असेल तर सल्लागाराला आवर्जून दाखवा.