समदं दोन-दोन दिसायलंय

औसा तालुक्यातले साठीचे शेतकरी. पहाटे म्हैस पिळायला बसले तर समोर दोन चरव्या. घरच्यांनी पित्त समजून लिंबू-साखर पाजली, मग चष्म्याच्या दुकानात नेलं. माझ्याकडे आणेपर्यंत दुपार झाली.

"डॉक्टरसाहेब, समदं दोन-दोन दिसायलंय."

"मामा, एक डोळा झाका बरं."

"आता एकच हाय."

म्हणजे डोळे धड होते, जोडी बिघडली होती. मी बोट त्यांच्या उजवीकडे नेलं. उजवा डोळा बोटामागे गेला आणि कोपऱ्यात पोचून थरथरू लागला. डावा मध्यावरच थांबला. नांगराच्या तासाच्या शेवटी एक बैल वळावा आणि दुसरा तिथंच उभा राहावा, तसं.

दोन्ही डोळ्यांचा कासरा मेंदूच्या देठात, म्हणजे ब्रेनस्टेममध्ये असतो. अंगठ्याएवढ्या जाडीचा हा भाग. श्वास, गिळणं, शुद्ध सगळं इथूनच चालतं. उजवीकडे बघायचा हुकूम त्याच्या मधल्या भागातून, पॉन्समधून सुटतो. उजवा डोळा बाहेर ओढणारी सहावी नस तिथूनच निघते (नस म्हणजे इथे चेता, रक्तवाहिनी नव्हे). डावा डोळा नाकाकडे ओढणारी तिसरी नस मात्र वरच्या मिडब्रेनमधून येते. दोघींना एकदम निरोप मिळावा म्हणून तंतूंची एक बारीक जुडी पॉन्समधून पलीकडच्या बाजूला जाऊन वर चढते.

मग मी बोट हळूहळू त्यांच्या नाकाजवळ आणलं. मघाशी अडून बसलेला डावा डोळा निमूट आत वळला! जवळचं बघण्याचा हुकूम दुसऱ्या वाटेनं येतो. म्हणजे स्नायू शाबूत, नसही शाबूत. तुटली होती ती डाव्या बाजूची जुडी. पुढे लातूरला एमआरआयमध्ये नेमका तिथंच छोटा ठिपका निघाला. बीपी आणि शुगर असलेल्या वयस्क माणसात हे बहुधा गुठळीमुळे होतं, तरुणांत मल्टिपल स्क्लेरोसिसमुळेही (यात शरीराची प्रतिकारशक्तीच चेतातंतूंच्या आवरणावर उलटते). गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या ४.५ तासांत द्यावं लागतं. मामांचे ते तास लिंबू-साखरेत गेले.

चक्करेचंही तसंच. आपल्याकडे भोवळ आली की पित्त नाहीतर ऊन. चक्कर थांबतच नसेल तर डोळे बघावेत. कानाच्या दुखण्यात बुबुळं एकाच दिशेला झटके देतात. उजवीकडे बघताना उजवीकडे, डावीकडे बघताना डावीकडे, किंवा सरळ वर-खाली झटके दिसले तर दोष बहुतेक देठात किंवा लहान मेंदूत असतो. २००९ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, सुरुवातीच्या एमआरआयमधून निसटलेले काही स्ट्रोक डोळ्यांच्या अशाच तीन साध्या तपासण्यांनी पकडले होते. अर्थात तपासणारा हात सरावलेला हवा.

पॉन्समध्ये मोठा रक्तस्राव झाला तर रुग्ण बेशुद्ध पडतो आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. कधी दोन्ही डोळे झपकन खाली पडतात आणि सावकाश वर येतात, मेंदूविकारतज्ज्ञ सी. मिलर फिशर यांनी १९६४ साली या हालचालीचं वर्णन केलं. पण कापसावर फवारणी सुरू असलेल्या दिवसांत बारीक बाहुल्या दिसल्या की इथला डॉक्टर आधी अंगाचा वास घेतो, घाम आणि तोंडातली लाळ बघतो. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेतही बाहुल्या तशाच बारीक होतात.

सगळ्यात मोठा चकवा मण्यार या सापाचा. रात्री झोपेत चावते. सूज नाही, दुखणं नावापुरतं, दाताची खूणही सापडत नाही. सकाळी पापण्या जड, मग डोळे गोठलेले, मग श्वास बंद. बाहुल्या मोठ्या होतात, कधी कधी टॉर्चलाही दाद देत नाहीत. पाहणाऱ्याला देठ मेल्यासारखाच वाटावा. प्रत्यक्षात देठ ठणठणीत असतो. विषानं नस आणि स्नायू यांच्यामधला सांधा अडवलेला असतो, आणि आतला माणूस कदाचित सगळं ऐकतही असतो. व्हेंटिलेटरवर वेळेत घेतलेले असे रुग्ण काही दिवसांनी डोळे उघडतात.

म्हणून पावसाळ्यात असा रुग्ण आला की टॉर्च लावता लावताच मी नातेवाइकांना विचारतो, "रात्री खाली झोपले होते का?"