परदेशातला रेल्वे पास: एकाच गाडीत दोन नियम का?

जालना–छत्रपती संभाजीनगर रोज अपडाऊन करणाऱ्याला पास म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण तो पास ठरलेल्या मार्गाचा. परदेशातला रेल्वे पास आपल्या एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनेच्या जवळचा आहे: पैसे एकदा भरा, ठरलेले दिवस हवं तिथे फिरा. फरक इतकाच की तुम्ही राहता कुठे, यावर कोणता पास मिळणार हे ठरतं.

नांदेडच्या आमच्या शेजाऱ्यांना हे नुकतंच कळलं. मुलगा जर्मनीत शिकायला आहे. आईवडिलांनी युरेल पास घ्यायचा, तो युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी; मुलाला मात्र तो मिळत नाही. त्याला युरोपात राहणाऱ्यांसाठीचा इंटररेल घ्यावा लागतो. शिवाय आईवडील जर्मनीत हवे तितके फिरू शकतात. मुलगा राहतो तोच देश, म्हणून तिथे त्याच्या पासावर बाहेर पडायचा एक प्रवास आणि परतीचा एक, एवढंच.

याचं मूळ जुनं आहे. १९५८ मध्ये अटलांटिक ओलांडणारी जेट विमानसेवा सुरू झाली आणि १९५९ मध्ये युरोपातल्या १३ देशांच्या रेल्वेंनी मिळून युरेल पास आणला. तो बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी, आणि सुरुवातीला फक्त पहिल्या वर्गाचा. युरोपातल्या पोरांना पास मिळायला १९७२ उजाडलं. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेला ५० वर्षं झाली, त्या निमित्ताने २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी, २१ देशांत चालणारा, महिनाभराचा दुसऱ्या वर्गाचा इंटररेल निघाला. वयाची अट १९९८ मध्ये गेली, राहण्याच्या ठिकाणाची अट राहिली.

शेजारच्या काकांचा पहिला प्रश्न आपल्याकडचाच होता, “जागा कन्फर्म आहे ना?” नाही. पास म्हणजे गाडीत चढायचा हक्क, जागेचा नव्हे. जर्मनीत बहुतेक गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही; फ्रान्सच्या टीजीव्ही या अतिवेगवान गाडीला आहे, आणि त्याचे पैसे वेगळे. पास घेण्याआधी हा हिशेब करायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

जपानचा पास १९८१ चा. सरकारी रेल्वेचे १९८७ मध्ये तुकडे झाले, तरी नव्या जेआर (जपान रेल्वे) कंपन्यांनी तो एकत्र चालू ठेवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. आता टोकियो–क्योटो जाऊन येण्यापुरता तो परवडत नाही.

आपल्याकडेही असा पास होता. १९७७ पासून इंडरेल पास परदेशी पर्यटकांना आणि अनिवासी भारतीयांना मिळायचा, तो २०१७ मध्ये बंद झाला. आपला मनमाड–संभाजीनगर मार्ग मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांचा, होता तेव्हा वेरूळ-अजिंठ्याला निघालेला परदेशी पाहुणा मनमाडला ब्रॉडगेजची गाडी सोडून छोट्या डब्यात चढायचा. टीसी आला की तो तोच पास पुढे करायचा, आणि समोरच्या बाकावरचा अपडाऊनवाला आपला मासिक.