वखारीतला घनफूट: चौथाई घेराच्या हिशोबाची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या कुठल्याही लाकडाच्या वखारीत ओंडक्याचा भाव घनफुटाला सांगतात आणि कापलेल्या फळीचाही घनफुटालाच. हे दोन घनफूट मात्र एक नव्हेत. फळीचा हिशोब सरळ आहे: रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत, गुणाकाराला १४४ ने भागायचं. ओंडक्याचा 'घनफूट' खऱ्या १.२७ घनफुटांचा असतो. चांगले जाणते शेतकरीसुद्धा बांधावरचा साग विकताना इथेच फसतात, म्हणून हा हिशोब आला कुठून ते मुळापासून पाहायला हवं.

१७३६ साली एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रज मोजणीदाराने लाकूड मोजण्याची तयार कोष्टकं छापली. रीत अशी: ओंडक्याच्या मध्यावर घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्या चौथाईचा वर्ग करून लांबीने गुणायचं. घेर ४८ इंच आणि लांबी १० फूट असेल तर चौथाई १२ इंच. १२ गुणिले १२ गुणिले १०, भागिले १४४, म्हणजे बरोबर १० घनफूट. भूमितीने मात्र याच ओंडक्यात १२.७३ घनफूट लाकूड भरतं. घेराच्या वर्गाला १२.५७ ने (म्हणजे चार गुणिले पाय) भागायचं ते इथे १६ ने भागलं जातं, म्हणून ७८.५ टक्केच हाती येतं. उरलेले साडेएकवीस टक्के म्हणजे साल, कडेच्या निघणाऱ्या पाट्या आणि भुसा यांची सूट, असं समर्थन देतात. पण ही सूट कापणीच्या प्रत्यक्ष घटीशी जुळवलेली नाही. गोल ओंडक्यातून निघणारी मोठ्यात मोठी चौरस तुळई ६३.७ टक्केच असते, तर पातळ फळ्या काढल्या की हिशोब पुन्हा बदलतो. चारने भागणं तोंडी जमतं, हेच या सूत्राचं खरं बळ.

त्या काळी आपल्याकडे माप होतं गज आणि तसूचं. मुंबई इलाख्यात २४ तसूंचा २७ इंची गज आणि १६ तसूंचा हात चाले. वनखात्याची घडी मात्र इंग्रजांनी बसवली. १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले आणि १८६४ साली डिट्रिख ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक. सागाला जहाजांची आणि पुढे रेल्वेची मागणी होती आणि व्यापार इंग्रजी मापांत चाले, त्यामुळे हॉपसची रीतही इथल्या लाकूडबाजारात रुजली. तिला फार साधनंही लागत नसत. ओंडक्याभोवती सुतळी घट्ट फिरवायची, जिथे टोक भिडेल तिथे चिमटीत धरायची, दोनदा दुमडून चौपदरी करायची आणि ती लांबी पट्टीवर लावायची. भागाकार सुतळीच करून देते. ब्रह्मदेशी सागाचा व्यापार पन्नास हॉपस घनफुटांच्या 'टना'वर चाले. हा टन वजनाचा नसून आकारमानाचा आहे.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, फूट-इंचांच्या जागी मीटर-सेंटिमीटर बसले, पण चौथाई घेर टिकला. १.२० मीटर घेर आणि ३ मीटर लांबीचा ओंडका या सूत्राने ०.२७ घनमीटर भरतो, खरा असतो ०.३४४. म्हणजे एकक बदललं, सूट तीच राहिली. एक खरा घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, पण हॉपसचे २७.७४ च. बाहेरून आलेल्या सागाच्या बिलावर 'घनमीटर' दिसला तर तो यांतला कोणता, हे आधी विचारावं.

त्यात भर पडते अपूर्णांक सोडण्याची. चौथाई पावणेतेरा इंच आली आणि 'बारा धरा' म्हटलं की ११ टक्क्यांहून अधिक लाकूड कागदावरून गेलं, कारण चूक वर्गात वाढते. साल काढून मोजायचं की सालीसकट, हेही आधीच ठरवावं. जुन्या ऐनाची साल जाड असते, तिथे फरक चांगलाच जाणवतो.

घेर कुठे घ्यायचा यावरही भांडणं होतात. बुंध्याकडचा ओंडका तळाशी पसरट असतो. ४ मीटरचा ओंडका घ्या: बुंध्याला घेर १.८०, मध्यावर १.२०, शेंड्याकडे १.०० मीटर. खऱ्या वर्तुळाच्या हिशोबाने मध्यघेरावरून ०.४६ घनमीटर येतात. दोन्ही टोकांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली तर ०.६७. दोन टोकं आणि मध्याची चौपट मिळवून सहाने भागलं तर ०.५३, आणि सत्याच्या सर्वांत जवळ हाच आकडा असतो. टोकांची सरासरी विकणाऱ्याला सोयीची, नुसता मध्य घेणाऱ्याला. आमच्या मते असा पसरट भाग वेगळा तोडून मोजणं सगळ्यांत सरळ.

उभ्या झाडाचा हिशोब वेगळा, आणि तिथे फटका उलट्या बाजूला बसतो. घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा. आपल्या देशात ही उंची १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट. राधानगरी, आजरा, चंदगडच्या उतारावर ती झाडाच्या वरच्या अंगाने मोजायची, आधी वेली काढायच्या, टेप तिरका जाऊ द्यायचा नाही. झाड साडेचार फुटांखालीच फुटलं असेल तर दोन झाडं धरायची. समजा घेर १.५० मीटर आणि उंची १२ मीटर. छेदाचं क्षेत्रफळ ०.१७९ चौरस मीटर, उंचीने गुणून २.१५. पण खोड वर निमुळतं होतं, म्हणून याला आकार-गुणकाने गुणावं लागतं. तो ०.४५ धरला तर ०.९७ घनमीटर. छातीचा घेर चौथाईच्या सूत्रात घालून पूर्ण उंचीने गुणलं की १.६९ येतात, जवळपास पावणेदोनपट. गुणक जातीनुसार आणि वयानुसार बदलतो, म्हणून १९०६ साली स्थापन झालेल्या डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने झाडं पाडून, तुकडे मोजून जातवार आकारमानाची कोष्टकं तयार केली. एका जातीचं कोष्टक दुसरीला लावू नये.

झाड पाडण्याआधी परवानगीचा भाग येतोच: ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा, शहरात १९७५ चा.

जळणाची गोष्ट वेगळी. गुऱ्हाळाचं चुलवाण चिपाडावर चालतं, पण बाकी जळण विकलं जातं ते चट्ट्याने, म्हणजे रचलेल्या ढिगाच्या मापाने, किंवा वजनाने. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच चट्टा दोन घनमीटर दिसतो, पण सरळ, जाड ढलप्या नीट रचल्या तरी त्यात भरीव लाकूड साधारण दोन तृतीयांश. वाकड्या बाभळीच्या फांद्या असतील तर निम्मंही भरत नाही. तुकडे आडवे-उभे घालून पोकळी वाढवता येते, म्हणून चट्टा बाजूने न पाहता टोकाकडून पाहावा. वजनाने घेतलं तर पाणी विकत घेतलं जातं: १०० किलो ओल्या लाकडात ४५ किलो पाणी असेल, तर १५ टक्के ओल उरेपर्यंत वाळल्यावर ते ६५ किलोच भरतं. पावसाळ्यात तोडलेलं आणि उन्हाळ्यात वाळवलेलं जळण एकाच भावात घेऊ नये.