मागचं बाळंतपण अवघड गेलंय? सिझरची तारीख मागण्याआधी हे वाचा

दुसऱ्या खेपेला आलेल्या बऱ्याच जणी पहिल्याच भेटीत म्हणतात, "मॅडम, मागच्या वेळी फार हाल झाले. या वेळी लवकरच सिझर करून टाकू. तारीख सांगा ना." त्या दिवशी आम्ही तारीख देत नाही. त्यावरून रुसवेफुगवे होतात, म्हणून हे पत्रक.

मागचं सिझर साधं, गर्भपिशवीवर आडवा छेद घेऊन झालेलं असेल आणि यंदा दुसरी तक्रार नसेल, तर ३९ आठवडे भरू द्यायचे. त्याआधी काढलेल्या बाळाला धाप लागण्याची शक्यता वाढते, मग आई वॉर्डात आणि बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. पिशवीवर उभा छेद असेल किंवा मागे गर्भपिशवी फाटली असेल, तर कळांची वाट बघणंच धोक्याचं. अशा वेळी साधारण ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान सिझर करतात. वार (प्लासेंटा) जुन्या व्रणात रुतलेली दिसली तर त्याहूनही आधी, आणि तेही रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयात. तशी केस आम्ही इथे ठेवून घेत नाही, वेळेत पाठवतो.

मागच्या वेळी बीपी वाढलं होतं, एवढ्यावरून मात्र लवकर सिझर ठरत नाही. यंदाचं बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि बाळाची वाढ बघून ते ठरतं. पण अशांनी तिसरा महिना संपायच्या आत दाखवायला यावं. अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी लागणार असेल तर ती १२ ते १६ आठवड्यांत सुरू केलेली बरी. सातव्या महिन्यात आलात तर ती संधी गेलेली असते.

आता मुख्य अडचण: कागद. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, त्यामुळे फाईल लातूरला नाहीतर सांगलीला, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. "टाके आडवेच आहेत" हे सांगून भागत नाही. पोटावरचा व्रण आडवा असून आत पिशवीवर उभा छेद असू शकतो. तो फक्त ऑपरेशनच्या नोंदीत कळतो. डिस्चार्ज कार्डावर नुसतं "सिझर" लिहिलेलं असतं, म्हणून ऑपरेशनची नोंदही मागून घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी नोंदी ३ वर्षं जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. माहेरच्यांना अर्ज घेऊन पाठवा, फोनवर सहसा काम होत नाही.

दुसरा कागद म्हणजे यंदाची पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. आठवडे तिच्यावरूनच नीट मोजता येतात. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून तारीख काढली तर दोन-तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो, आणि लवकरच्या सिझरमध्ये एक आठवडासुद्धा फार असतो.

मुहूर्ताला आमची ना नाही. ठरलेल्या आठवड्यातला गुरुजींनी काढलेला दिवस शक्यतो सांभाळतो. दिवस चांगला आहे म्हणून आठवडा अलीकडे ओढत नाही, सासूबाई स्वतः आल्या तरी.

जुनी फाईल बघण्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. कागदांचे फोटो आधी पाठवलेत तर पहिल्याच भेटीत सविस्तर बोलता येतं. आणि तारीख ठरली असली तरी कळा, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं असह्य दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल कमी वाटणं, यांतलं काहीही झालं तर तारखेची वाट न बघता, काही न खाता, थेट निघा. फोन रिक्षात बसल्यावर करा.