विश्वासात शेवटपर्यंत टिकणे : वाद नेमका कशावर?

मराठी बायबलमधल्या ‘धीर’ या शब्दामागे मूळ ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत. ‘हुपोमोने’ म्हणजे ओझ्याखाली तग धरणे. ‘मक्रोथुमिया’ म्हणजे राग लांबवणे, चटकन न चिडणे. याकोबाच्या पत्रात (५:७) पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यापाशी दुसरा शब्द आहे, तर संकटे सोसणाऱ्या ईयोबापाशी (५:११) पहिला. मराठीत दोन्हीकडे धीरच. म्हणून ईयोब मुकाट सोसत राहिला असे वाटते. प्रत्यक्षात तो देवाशी वाद घालत राहिला, पण त्याने देवाला सोडले नाही. हुपोमोने ती हीच.

इ. स. २५० मध्ये रोमन सम्राटाने देवतांना यज्ञ करण्याची सक्ती केली. अनेक ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केला, काहींनी केल्याचा नुसता दाखला विकत घेतला. या दोघांना एकाच मापाने मोजायचे नाही, असे पुढच्याच वर्षी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला चर्चच्या सभेत ठरले. ५ व्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्याच एका बिशपने शेवटपर्यंत टिकणे हे देवाचे दान असल्याचे मांडले.

खरा गुंता १७ व्या शतकातल्या हॉलंडमधला. खरा विश्वासी कायमचा ढळू शकतो का? १६१० च्या निवेदनात तिथल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या कॅल्व्हिनवादी शिकवणीला विरोध करणाऱ्या गटाने हा प्रश्न शास्त्राच्या अधिक अभ्यासासाठी मोकळा ठेवला होता. १६१८ पर्यंत ‘ढळू शकतो’ यावर ते ठाम झाले. १६१८-१९ मध्ये डॉर्ट गावी भरलेल्या त्याच चर्चच्या सभेने ‘नाही’ असा निर्णय दिला. विरोधकांना सभेतून बाहेर काढले, हे त्या निर्णयाला शोभणारे नव्हते.

निर्णयाचा मजकूर मात्र त्याच्या ख्यातीपेक्षा बराच सावध आहे. त्याच्या पाचव्या प्रकरणाचे चौथे कलम राजा दावीद आणि प्रेषित पेत्र यांचे पतन उघड मान्य करते. अशा पापाने विवेक जखमी होतो, कृपेची जाणीव काही काळ हरपते, असे पाचवे म्हणते. चौदावे कलम तर साधनेच सांगते: वचन ऐकणे, वाचणे, त्याचे मनन, त्यातले बोध, इशारे आणि अभिवचने, शिवाय बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे संस्कार. देव राखतो तो यांतूनच.

पुढे लोकप्रिय झालेल्या ‘एकदा तारण, कायमचे तारण’ या घोषवाक्यात हे चौदावे कलमच गळाले. मग प्रार्थना सुटली, उपासना सुटली, तरी एके काळी घेतलेल्या विश्वास ठेवण्याच्या निर्णयावर माणूस निर्धास्त राहतो. त्या निष्काळजीपणाला डॉर्टचा मजकूर कुठेच आधार देत नाही.